पाऊल मोजणारी माणसे

दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठात काही धडधाकट तरुण आपणहून पुढे आले आणि त्यांनी आपल्या हाडांत पोलादी खिळे मारून घेतले. एक कमरेच्या हाडात, एक मांडीच्या, एक नडगीच्या. भूल तेवढ्या जागेपुरती. कुणाचे हाड मोडलेले नव्हते की कुणाला काही दुखणे नव्हते. कातडीबाहेर राहिलेल्या खिळ्याला हलकी दांडी जोडायची, दांडीवर खुणेचे गोळे बसवायचे आणि मग त्या तरुणाने चालून दाखवायचे. समोरून, बाजूने आणि डोक्यावरून असे तीन चित्रपट-कॅमेरे त्याच्यावर रोखलेले असत.

हा अघोरी वाटणारा खटाटोप एका साध्या अडचणीपायी करावा लागला. चालताना आतले हाड किती फिरते ते बाहेरून कळत नाही. खुर्चीत बसून गुडघा ताठ करा, मांडीच्या कडेला बोट टेकवा आणि अख्खा पाय आत-बाहेर वळवून पाहा. हाड वळते, मांस मागे रेंगाळते, कातडी तर जागची हलायलाच तयार नसते. कातडीवर चिकटवलेली खूण कातडीचीच हकीकत सांगते. पाय पुढे-मागे झुलतो ती हालचाल मोठी असल्याने तिचे माप त्यातूनही बरे येते. पण उभ्या रेषेभोवती हाडाला पडणारा पीळ थोड्याच अंशांचा असतो आणि तो कातडीच्या घसरण्यात हरवून जातो. विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या या मंडळींना नेमका तो पीळ हवा होता.

त्यामागे एक सरकारी निकड होती. या युद्धात सुमारे 15,000 अमेरिकी सैनिकांचे हात किंवा पाय कापावे लागले. त्यांना जे कृत्रिम पाय मिळाले ते लाकूड, चामडे आणि पोलादी पट्ट्यांचे होते. त्यांची घडण अमेरिकेच्या यादवी युद्धानंतरच्या पायांपेक्षा फार पुढे गेलेली नव्हती. विमाने आणि रडार बनवणाऱ्या देशाला धड पाय बनवता येत नाही, हे तरुण सैनिकांना पटणे शक्यच नव्हते. सैन्याचे सर्जन जनरल नॉर्मन किर्क स्वतः अस्थिशल्यविशारद, अवयव कापण्याच्या शस्त्रक्रियेत मुरलेले. त्यांनी राष्ट्रीय विज्ञान अकादमीला साकडे घातले. 1945 च्या सुरुवातीला शिकागोत सर्जन, इंजिनिअर आणि पाय बनवणारे कारागीर यांची बैठक भरली. चांगला पाय कसा असावा यावर तिथे मते भरपूर होती. निरोगी पाय चालताना नेमके काय करतो, याचे यंत्र बनवण्याजोगे आकडे मात्र कुणाकडे नव्हते. म्हणून पायांचे काम बर्कलीच्या इंजिनिअरिंग विभागाकडे आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या वैद्यकीय शाखेकडे मिळून सोपवले गेले.

दोन माणसे या कामाचा कणा होती. व्हर्न इनमन हा अस्थिशल्यविशारद, पण मनाने शरीररचनेचा अभ्यासक. खांद्याचा सांधा कसा चालतो यावरचा त्याचा आणि सहकाऱ्यांचा 1944 चा निबंध आजही वाचला जातो. दुसरा हॉवर्ड एबरहार्ट, स्थापत्य इंजिनिअर. अवजड विमानांच्या चाकांखाली धावपट्टीचे काय होते, याच्या चाचण्या तो करत होता. 1944 मध्ये अशाच एका चाचणीत अवजड वाहनाखाली त्याचा पाय चिरडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. वर्षभरात तो चाकाखालची धावपट्टी सोडून पावलाखालची जमीन मोजू लागला. जमिनीवर भार किती, कुठल्या दिशेने, किती वेळ, हे प्रश्न त्याच्या ओळखीचेच होते. पाय गमावलेला माणूस सरकारी अहवालात कृत्रिम पायांविषयी लिहितो तेव्हा त्यात हळवेपणा येईल असे वाटते. एबरहार्टच्या लिखाणात तो औषधालाही सापडत नाही.

अर्थात चाल मोजण्याची सुरुवात बर्कलीत झाली नाही. 1836 मध्ये जर्मनीत विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या भावांनी मापपट्टी, घड्याळ आणि दुर्बीण यांवर भिस्त ठेवून पावलाची लांबी आणि वेळ मोजली होती. त्यातून त्यांनी एक देखणा सिद्धांत मांडला: हवेतला पाय लंबकासारखा आपोआप पुढे झुलतो, स्नायूंना त्यात काही करावे लागत नाही. पॅरिसच्या एतियेन-ज्यूल मारे याने बुटाच्या तळाशी हवेची पोकळी बसवली. पाऊल टेकले की हवा रबरी नळीतून चालणाऱ्याच्या हातातल्या यंत्रात जायची आणि धुराने काळ्या केलेल्या कागदावर लेखणीची रेघ उमटायची. पुढे 1880 च्या दशकात त्याने माणसाला काळे कपडे घातले, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या शिवल्या आणि एकाच काचेवर लागोपाठ फोटो घेतले. त्या फोटोंत माणूस दिसत नाही, रेघांचा पंखा तेवढा उलगडत जाताना दिसतो. सुंदर चित्र, पण सपाट. बाजूने काय झाले ते कळते, आत-बाहेर काय झाले ते कळत नाही.

तिसरी मिती धरली ती लाइपझिगच्या जोडीने. विल्हेल्म ब्राऊने शरीररचनेचा प्राध्यापक आणि ओटो फिशर गणिती. आधी त्यांनी गोठवलेल्या मृतदेहांवरून शरीराच्या प्रत्येक भागाचा गुरुत्वमध्य काढला होता. 1891 च्या उन्हाळ्यात त्यांनी एका माणसाला काळा घट्ट पोशाख चढवला आणि त्याच्या अंगावर 11 गायस्लर नळ्या बांधल्या. या वायू भरलेल्या काचेच्या नळ्या वीज सोडली की चमकतात. दोन्ही पायांवर मांडी, पोटरी आणि पाऊल, दोन्ही हातांवर दंड आणि कोपराखालचा भाग, आणि एक डोक्यावर. नळ्यांतून उच्च दाबाची वीज जाणार, म्हणून खाली चामडे. खोली काळोखी करणे जमण्यासारखे नव्हते, तेव्हा रात्र पडण्याची वाट पाहायची. चार कॅमेरे उघडे ठेवायचे, नळ्या सेकंदाला 26 वेळा लुकलुकवायच्या आणि माणसाला काही पावले चालवायचे. तयारीला कित्येक तास लागत, चालणे काही सेकंदांत संपे.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. चारही काचांवरचा प्रत्येक ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा, कॅमेऱ्यांतल्या नोंदी जुळवून त्याची अवकाशातली जागा काढायची, तिच्यावरून वेग, वेगावरून त्वरण, त्वरणावरून बल. ब्राऊने 1892 मध्ये वारला. फिशर एकटाच आकडेमोड करत राहिला आणि ‘माणसाची चाल’ या ग्रंथाचे सहा भाग 1895 ते 1904 या काळात बाहेर पडले. एकाच माणसाची, मोजकी पावले. एका फेरीत त्याच्या पाठीवर सैनिकी पडशी आणि खांद्यावर बंदूकही दिली होती, कारण पायदळ किती ओझे वाहू शकेल हा प्रश्न त्या काळच्या जर्मनीत सतत मनात असणारच. निष्कर्ष असा निघाला की हवेतला पाय निव्वळ लंबक नाही, त्याला स्नायू पुढे ओढतात. वेबर बंधूंचा देखणा सिद्धांत गेला. मला या सगळ्यात फिशरची ती वर्षे सर्वांत जास्त भावतात. आज संगणकाला असल्या कामाला श्वास घेण्याइतकाही वेळ लागत नाही, पण फिशरचे आकडे पुढची कित्येक दशके अभ्यासक संदर्भाला घेत राहिले.

बर्कलीकर याच वाटेवर उभे होते, फक्त त्यांच्यापाशी पैसा होता आणि माणसेही होती. 1948 मध्ये अमेरिकी काँग्रेसने कृत्रिम अवयवांच्या संशोधनासाठी वर्षाला दहा लाख डॉलरची कायद्यानेच तरतूद केली. प्रयोगशाळेत त्यांनी जे जे उभे केले त्यातली काचेची वाट मला सर्वांत आवडते. चालणाऱ्याच्या पायांखाली जाड काच आणि तळव्याचे चित्र खालून टिपायची सोय. टाच टेकते, मग पावलाची बाहेरची कड, मग चवडा, शेवटी अंगठा, हा क्रम माणसाने हजारो वर्षे वाळूतल्या ठशांवरून अंदाजाने ओळखला होता. आता तो चालू पावलाखालून बघता येऊ लागला. काचेशिवाय तुटक प्रकाशात घेतलेले फोटो होते, स्नायूंतली वीज टिपणारी यंत्रे होती, आणि जमिनीत बसवलेली फोर्स प्लेट होती. त्यावर पाऊल पडले की खाली दाबणारे, पुढे-मागे ढकलणारे आणि आडवे असे तिन्ही बलांचे वेगवेगळे आलेख मिळत.

आणि खिळे. या प्रयोगांची पहिली सविस्तर हकीकत 1947 च्या दोन खंडी अहवालात आली, तर पिळाचे निष्कर्ष 1948 मध्ये लेव्हन्स, इनमन आणि ब्लॉसर यांच्या निबंधात छापले गेले. प्रत्येक पावलाला कमर थोडी वळते, मांडीचे हाड त्याहून जास्त आणि नडगी सर्वांत जास्त, सरासरीने सुमारे 19 अंश. माणसागणिक फरकही मोठा. एकाच वयाच्या दोन निरोगी तरुणांतही एकाची नडगी दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट फिरलेली आढळे.

आता इथे जरा थांबायला हवे, कारण पावलाचे सगळे रहस्य याच आकड्यात आहे. पाऊल जमिनीवर टेकले की ते शरीराच्या भाराने रोवले जाते. ते जमिनीवर गरगरत नाही, नाहीतर चपलांचे तळ आठवड्यात झिजले असते. पण त्याच्यावर उभी असलेली नडगी तर फिरते आहे. मग तो पीळ जिरतो कुठे?

घोट्यात नाही. घोट्याचा सांधा पाऊल वर-खाली करतो, कुशीवर वळवत नाही. उत्तर त्याच्या खाली, घोट्याचे हाड टाचेच्या हाडावर बसते त्या सांध्यात होते. या सांध्याचा आस आडवा नाही आणि उभाही नाही; तो तिरपा, जमिनीशी चाळीसेक अंशांचा कोन करून जातो. इनमनने तो समजावण्यासाठी तिरकस बिजागरी घेतली. एक दांडी उभी, एक आडवी, दोघींची टोके तिरपी कापून बिजागरीने जोडलेली. उभी दांडी स्वतःभोवती फिरवली की आडवी दांडी कुशीवर कलंडते. म्हणजे नडगी आत वळली की पाऊल आतल्या कडेला झुकते, कमान थोडी खाली बसते आणि पाऊल सैल होते. नडगी बाहेर वळली की कमान उचलली जाते, पावलाची हाडे एकमेकांत घट्ट बसतात आणि तेच सैल पाऊल रेटा देण्याजोगी ताठ तरफ बनते. पाऊल टेकताना ते खाचखळग्यांशी जुळवून घेणारे मऊ अवजार असते आणि उचलताना ताठ अवजार, आणि ही अदलाबदल करणारी कळ असते वरच्या हाडाचा पीळ. 1976 मध्ये इनमनने घोट्याच्या सांध्यांवर अख्खे पुस्तक लिहिले, तेव्हाही हा माणूस त्याच तिरप्या आसाभोवती फिरत होता.

ज्याचे पाऊल कापले गेले आहे त्याच्याकडे ही बिजागरी नसते. मांडीतून, गुडघ्यातून आलेला पीळ खाली येतो आणि जिरायला जागा सापडत नाही. मग तो सॉकेटच्या, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या खोबणीच्या आत, पायाच्या कातडीवर निघतो. कातडी घासते, सोलते, फोड येतात. कृत्रिम पाय घालणाऱ्या माणसाच्या रोजच्या तक्रारीचे एक मूळ असे आकड्यांत हाती आले.

मापन जितके खोल जाते तितका धीटपणा वाढतो, आणि इनमन-एबरहार्ट त्याला अपवाद नव्हते. 1953 मध्ये सॉन्डर्सच्या जोडीने त्यांनी एक निबंध लिहिला. हे सॉन्डर्स शरीररचनेचे प्राध्यापक, आणि लिओनार्दोच्या शरीरचित्रांवरचे अभ्यासक म्हणूनही नावाजलेले. निबंधात म्हटले होते की शरीराचा गुरुत्वमध्य शक्य तितक्या सपाट रेषेत नेणे हे चालण्याचे सूत्र; कमरेचे वळणे, कमरेचा झुकाव, गुडघ्याचे वाकणे वगैरे सहा युक्त्या त्या रेषेला सपाट करतात आणि म्हणून श्रम वाचतात. अस्थिरोगाचे आणि फिजिओथेरपीचे विद्यार्थी पुढे पन्नास वर्षे हे सहा मुद्दे पाठ करत आले, आपल्याकडेही. मग 1990 च्या दशकाच्या शेवटी शंका आल्या. मोजून पाहता कमरेच्या झुकावाने आणि टेकलेल्या गुडघ्याच्या वाकण्याने गुरुत्वमध्याच्या चढ-उतारात फारसा फरक पडत नाही असे दिसले. 2005 मध्ये तर अभ्यासकांनी माणसांना मुद्दाम गुरुत्वमध्य सपाट ठेवून चालायला लावले. श्रम कमी व्हायच्या जागी खर्च होणारी ऊर्जा जवळपास दुप्पट झाली! माणूस थोडा वर-खाली होत चालतो तेच त्याला स्वस्त पडते. गंमत म्हणजे, ज्या जुन्या लंबकाला फिशरने मोडीत काढले तो आता उलटा होऊन परत आला: जमिनीवरच्या ताठ पायावरून शरीर उलट्या लंबकासारखे पलीकडे जाते. बर्कलीच्या आकड्यांना धक्का लागला नाही; त्यांवर बांधलेली कथा तेवढी ढासळली.

खिळ्यांचेही असेच झाले. पुढे इन्फ्रारेड कॅमेरे आणि कातडीवर चिकटवायचे चमकते मणी आले, आणि खिळे मागच्या शतकातला आडदांडपणा वाटू लागले. पण कातडी तर तशीच घसरत होती. शेवटी स्वीडनमध्ये 2008 मध्ये छापलेल्या एका प्रयोगात सहा स्वयंसेवकांच्या पावलांतल्या आणि नडगीतल्या मिळून नऊ हाडांत पुन्हा बारीक खिळे गेले. पावलाच्या मधल्या भागातले सांधे आजवर मानत होते त्यापेक्षा बरेच जास्त हलतात, असे तेव्हा कळले. पाऊल मोजणे अजून पुरे झालेले नाही, हे यावरून लक्षात यावे.

बर्कलीच्या कृत्रिम पावलाकडे वळू. इथे इंजिनिअरची बुद्धी दिसते. खऱ्या पावलाच्या इतक्या हालचाली मोजल्यावर हुबेहूब नक्कल करण्याचा मोह व्हावा. त्यांनी उलटे केले. कुठली हालचाल टाळता येणारच नाही, ते आधी शोधले. टाच टेकल्या टेकल्या पाऊल खाली बसायला हवे, नाहीतर गुडघा पुढे ढकलला जातो आणि माणूस पडतो. जुन्या पायांत यासाठी घोट्यात लोखंडी बिजागरी आणि रबरी ठोकळे असत. ते झिजत, कुरकुरत. चार्ल्स रॅडक्लिफ या यांत्रिकी इंजिनिअरच्या साथीने त्यांनी घोटाच काढून टाकला. आत लाकडी कणा, बाहेर रबर आणि टाचेत मऊ रबराची पाचर. टाच टेकली की पाचर दबते आणि पाऊल खाली आल्यासारखे होते. पुढे लाकडाचा कणा बोटांपाशी संपतो, तिथून पाऊल वाकते आणि माणूस पुढे जातो. याला सॉलिड अँकल कुशन हील, म्हणजे सॅच फूट म्हणतात. 1950 च्या दशकात निघालेले हे पाऊल स्वस्त, हलते भाग नसलेले आणि टिकाऊ होते. त्याच सुमारास गुडघ्याच्या वाटीखालच्या दोरीसारख्या स्नायुबंधावर भार घेणारे नवे सॉकेटही तिथेच तयार झाले. ही दोन्ही जगभर गेली आणि भारतातही आली.

आपल्याकडे सैनिकांसाठी पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटर उभे राहिले होते ते 1944 मध्ये, एबरहार्टने पाय गमावला त्याच वर्षी. मुंबईत हाजीअलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था 1955 मध्ये आली. म्हणजे विद्या नव्हती असे नाही. तरी 1960 च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी यांना एक गोष्ट सारखी खुपत होती. शहरातून पाय बसवून आणलेले गावाकडचे लोक काही महिन्यांनी पुन्हा कुबड्यांवर दिसत. पाय घरात कोपऱ्यात पडलेला.

कारण शोधायला प्रयोगशाळा लागली नाही. सॅच फुटाचे बाहेरचे रबर बुटात राहण्यासाठी होते. शेताच्या चिखलात, पाण्यात ते टिकत नसे. बूट घालायचा तर देवळात, स्वयंपाकघरात, कुणाच्या ओटीवर जाताना काढायचा कसा? पाऊल बुटाच्या टाचेच्या उंचीला धरून केलेले, बूट काढला की माणूस मागे झुकतो. आणि सर्वांत मोठी अडचण खाली बसण्याची. उकिडवे बसताना नडगी पावलावर पुढे झुकावी लागते. घोट्याच्या जागी लाकूड असेल तर टाच उचलली जाते आणि माणूस चवड्यावर तोल सांभाळत राहतो. मांडी घालायची तर पाऊल कुशीवर वळायला हवे. शौचाला बसणे, चुलीपुढे बसणे, पंगतीत बसणे, नमाज पढणे, धान्य निवडणे या सगळ्यात पावलाला जे करावे लागते ते बर्कलीच्या मापात नव्हते. तिथे सपाटीवरची चाल मोजली होती, उतार आणि जिनेही मोजले होते. जमिनीवर बसणे हा प्रश्नच त्यांना पडलेला नव्हता, आणि तो पडावा असे त्यांच्या देशात काही घडतही नव्हते. मापनात चूक नव्हती. काय मोजायचे ते मोजणाऱ्याच्या घरात ठरले होते, एवढेच.

सेठींच्या रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते, पिढीजात हस्तकलेतले, रुग्णांना कारागिरी शिकवणारे. शिक्षण बेताचे, हात विलक्षण. सायकल पंक्चर झाली, दुकानात ट्रकच्या टायरवर नवा रबर चढवताना पाहिला आणि पावलाची कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. अशा कथा मागाहून गुळगुळीत होतात, तेव्हा ती कथा म्हणूनच घ्यावी. 1968 च्या सुमारास जे पाऊल तयार झाले त्यात टाचेला आणि चवड्याला सच्छिद्र रबराचे ठोकळे, घोट्यापाशी लाकडाचा तुकडा, या सगळ्याभोवती टायरमधल्यासारखे दोऱ्याचे अस्तर आणि वर कातडीच्या रंगाचा रबर. हे सगळे साच्यात घालून भट्टीत शिजवायचे. लाकडी कणा टाचेपासून बोटांपर्यंत सलग जात नाही, हा यातला निर्णायक भाग. ठोकळे एकमेकांवर वाकतात, म्हणून पाऊल वर येते, कुशीवर वळते आणि थोडा पीळही घेते. बोटे वेगळी दिसतात, बूट लागत नाही, पाण्याचे भय नाही.

इनमनची तिरकी बिजागरी इथे रबराच्या सैलपणातून आली होती, कोन न मोजता. सेठी या गोष्टीबाबत भाबडे नव्हते. 1978 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या पावलाची रचना आणि त्याच्या हालचाली ‘प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स इंटरनॅशनल’ या नियतकालिकात छापल्या, आणि लेखकांत रामचंद्रांचेही नाव घातले. डॉक्टरी निबंधावर कारागिराचे नाव ही गोष्ट तेव्हाही दुर्मीळ होती, आजही आहे. तरी श्रेय कुणाचे किती यावरून पुढे बरीच कुरबूर झाली; 1981 चा मॅगसेसे पुरस्कार सेठींना मिळाला आणि रामचंद्रांचे नाव बहुतेक वर्तमानपत्रांत मागाहून आले. 1975 मध्ये डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि पाय फुकट बसवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले. पुढे हा ‘जयपूर फूट’ अफगाणिस्तानातल्या सुरुंगग्रस्तांपर्यंत पोचला. आपल्याकडे मात्र या पायाची ओळख बहुतेकांना झाली ती मुंबईच्या सुधा चंद्रनमुळे. 1981 च्या अपघातानंतर पाय गमावलेली ही नर्तकी जयपूर फूट लावून पुन्हा भरतनाट्यम करू लागली आणि 1986 च्या ‘नाचे मयूरी’त पडद्यावरही आली.

इतके होऊनही पाश्चात्त्य प्रयोगशाळांत या पायाकडे गरिबांची सोय म्हणूनच पाहिले जाई. मापनाच्या कसोटीवर तो उतरायचा होता. 1995 मध्ये लिव्हरपूलच्या अभ्यासकांनी गुडघ्याखाली पाय कापलेल्या मोजक्या माणसांना आळीपाळीने सॅच, सिअ‍ॅटल आणि जयपूर अशी तीन पावले लावून फोर्स प्लेटवरून चालवले. सिअ‍ॅटल फूट हे त्या वेळचे नव्या पद्धतीचे, भाराची ऊर्जा साठवून पाऊल उचलताना परत देणारे अमेरिकी पाऊल. टाच टेकतानाचा धक्का शोषण्यात सॅच सरस ठरला. बर्कलीची ती पाचर चाळीस वर्षांनीही आपले काम चोख बजावत होती. पण एकूण चाल सर्वांत नैसर्गिक आली ती जयपूर फुटाने, आणि त्याचे आलेखही निरोगी पावलाच्या सर्वांत जवळचे निघाले. माणसे थोडी होती, तेव्हा त्यावरून फार मोठे विधान करू नये. तरीही ही चाचणी सपाट फरशीवर, युरोपी पद्धतीच्या चालीत झाली होती हे ध्यानात घ्यायला हवे. ज्या उकिडव्या बसण्यासाठी तो पाय घडवला ते त्यात मोजलेच नव्हते, आणि पाहुण्यांच्या मैदानातही तो पुढे राहिला.

जयपूरला गुडघ्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला होता. मांडीतून पाय कापलेल्या माणसाला साधी बिजागरी दिली तर भार पडताच ती मिटू शकते; न मिटणारा गुडघा द्यावा तर त्याची किंमत समितीच्या आवाक्याबाहेर. यावर इलाज म्हणजे चार दांड्यांची जोडणी. चार छोट्या दांड्या अशा जुळवायच्या की गुडघा वाकेल तसा वळण्याचा केंद्रबिंदू सरकत राहतो. टाच टेकते तेव्हा तो भाराच्या रेषेमागे राहून गुडघा ताठ धरतो, पाऊल उचलायची वेळ आली की सैल सोडतो. या जोडणीचे गणित बांधून देणाऱ्यांत बर्कलीच्या रॅडक्लिफचे नाव आघाडीवर आहे. 2008 च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या समितीसाठी याच तत्त्वावर तेल भरलेल्या नायलॉनचा गुडघा तयार केला. नायलॉन स्वतःच वंगण सोडत राहते, त्यामुळे गावात तेलपाणी करायला कारागीर लागत नाही. ‘टाइम’ साप्ताहिकाने 2009 च्या उत्तम शोधांत त्याची गणना केली. हा गुडघा घालून बसता यावे म्हणून तो खूप खोलवर वाकेल असा केला गेला. ही अट या वेळी आराखड्यात पहिल्यापासूनच लिहिलेली होती.